धाबे नसलेला नकाशा

शिंदखेड्याच्या अलीकडे, गाव संपून बैलगाडीची वाट चढू लागते तिथे, आमची वडिलार्जित बरड होती. बरड म्हणजे वर मुरूम, खाली खडक आणि मध्ये नावापुरती माती. वडिलांनी तिथे बाजरी पेरून पाहिली, नंतर कुळीथ, नंतर काहीच नाही. एक विहीर होती आणि तिच्या काठी दोन कडुनिंब. गावची गुरे दुपारी त्या सावलीत बसत. जमिनीचा उपयोग तेवढाच होता आणि तो मला कमी वाटत नसे.

मी कृषी खात्यात मृदसंधारणाच्या कामावर होतो. उतार मोजणे, बांध घालणे, वाहून जाणाऱ्या मातीला थांबवणे यात माझी नोकरी गेली, आणि ती सगळी दुसऱ्यांच्या जमिनीवर. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस निवृत्त झालो तेव्हा आम्ही धुळ्यात एका जुन्या गल्लीत राहत होतो. निवृत्तीनंतर काय करायचे ते मी आधीच ठरवले होते. बरडीवर एक केंद्र उभारायचे. चार-पाच कुटुंबांनी तिथे कायम राहायचे. पाणी, माती आणि सरपण जमिनीला झेपेल इतकेच वापरायचे. आणि आसपासच्या गावांतील मुलांसाठी शाळा चालवायची. गावची शाळा चौथीपर्यंत होती. पाचवीला शिंदखेड्याला चालत जावे लागे. मुलगे जात. मुली घरी बसत.

कल्पना साधी होती. साध्या कल्पनेला बैठका फार लागतात.

त्या दर रविवारी सकाळी आमच्या ओसरीवर होत. हेडमास्तर येत. ते आमच्याच गल्लीतले, माझ्यानंतर वर्षभरात निवृत्त झालेले. शेठजी येत. त्यांची इमारती लाकडाची वखार होती. त्यांचे आजोबा राजस्थानातून आलेले. शेठजी घरी मारवाडी बोलत, वखारीत अहिराणी, आमच्याकडे मराठी, आणि रागावले की तिन्ही. चौथा एक तरुण इंजिनियर. हेडमास्तरांचा जुना विद्यार्थी. तो तंत्रनिकेतनात शिकवत असे आणि त्याच्याकडे नकाशे काढण्याचे उत्तम सामान होते.

"आधी घंटा," हेडमास्तर म्हणत. "घंटा वाजली की शाळा सुरू होते. बाकीचं मागून येतं."

"टांगणार कशाला?" शेठजी विचारत. "अजून खांब नाही उभा."

"निंबाला टांगू."

"मग गुरंच बसतील वर्गात, मास्तर. तशी ती आत्ताच बसलेली आहेत. हजेरीही चांगली आहे."

माझे म्हणणे, आधी बांध. हे मी तोंडाने एकदाच म्हटले आणि पहिल्या उन्हाळ्यात गावकऱ्यांना घेऊन उताराला आडवे बांध घातले. पावसाळा झाला. विहिरीत पाणी आधीपेक्षा उशिरापर्यंत टिकले. बांधांच्या कडेने निंबाची आणि करंजाची रोपे लावली. त्यांतील बरीच जगली. बैठकीत यावर फार चर्चा झाली नाही, कारण बांध नकाशावर सुंदर दिसत नाहीत.

माझी पत्नी या बैठकांत चहा देई आणि आत जाई. तिला कोणी विचारले नव्हते असे नाही. मी विचारले होते.

"आपण तिकडे राहायला जाऊ. येशील?"

"बघू," ती म्हणाली.

आमच्या संसारात 'बघू' या शब्दाचा अर्थ बहुतेक वेळा 'नाही' असाच निघाला होता. तिचे माहेर शिंदखेडा तालुक्यातच. बरड तिला अपरिचित नव्हती, आणि तीच अडचण होती. ती लग्न होऊन धुळ्यात आली, गल्लीत रुजली, आणि गल्लीने तिला अक्का केले. बाळंतपण असो, दुखणे असो, उन्हाळ्याचे वाळवण असो, तिने कोणतेही काम एकटीने केले नाही आणि दुसरीला एकटीने करू दिले नाही. अशा बाईला मी दोन निंब, एक विहीर आणि भरपूर मुरूम देऊ करत होतो.

हेडमास्तरांच्या घरी याहून स्पष्ट बोलणे झाले होते. त्यांच्या पत्नीने सांगून टाकले, "अक्का निघाल्या तर मी निघाले. नाहीतर तुम्ही जा. शाळा काढा, घंटा वाजवा. डबा मी एसटीने पाठवत जाईन." जी दुसरी दोन कुटुंबे यायला तयार होती, त्यांच्या बायकांचेही थोड्याफार फरकाने हेच म्हणणे होते. म्हणजे वस्ती, शाळा, शेणगॅस, रोपवाटिका हे सगळे एका 'बघू'वर येऊन थांबले होते.

दुसऱ्यांदा विचारणे माझ्या स्वभावात नव्हते. ती आली नाही तर मीही जाणार नव्हतो. हे मी कोणाला सांगितले नाही.

नकाशा पाडव्याच्या सुमारास पूर्ण झाला. इंजिनियरने तो रंगवून आणला. हेडमास्तरांना कुठूनशी एका आश्रमशाळेची सचित्र पुस्तिका मिळाली होती. तिच्यातील घरे आम्हां सगळ्यांना फार आवडली होती. लाल कौले, उतरती छपरे, प्रत्येक घर वेगळे, त्याभोवती स्वतःची बाग, दारावर वेल. ती शाळा घाटाखाली, धो धो पावसाच्या मुलखात असावी. हे त्या वेळी आमच्या मनात आले नाही. नकाशात पाच घरे होती, पाचही लाल. शाळा पश्चिमेला, बरडीच्या टोकावर, मोकळ्या हवेत.

नकाशा ओसरीवर पसरला. चारी कोपऱ्यांवर पितळी पेले ठेवले. पत्नी चहाची भांडी उचलायला आली तेव्हा शेठजी म्हणाले, "अक्का, तुम्हीपण बघा. घर तुमचं आहे."

तिने हात पदराला पुसले आणि उभ्यानेच पाहिले. बराच वेळ पाहिले.

"हे लाल काय आहे?"

"कौलं, काकू," इंजिनियर उत्साहाने म्हणाला. "पावसाचं सगळं पाणी कौलांवरून पन्हाळीत आणि पन्हाळीतून टाक्यात. थेंब वाया जाणार नाही."

"चांगलं आहे. उन्हाळ्यात झोपायचं कुठे?"

"आत. खिडक्या मोठ्या ठेवल्यात."

"वैशाखात. आत." तिने हे प्रश्न म्हणून विचारले नाही. "बरं. मिरच्या कुठे वाळवायच्या? शेंगा? पापड? बिबडे?"

"अंगणात जागा आहे ना, अक्का," हेडमास्तर म्हणाले.

"अंगणात कोंबड्या, शेळ्या आणि तुमची शाळा." तिने पेले उचलायला सुरुवात केली. नकाशाचा एक कोपरा गुंडाळला गेला. "तुम्ही चौघं काल रात्री कुठे झोपला होतात हो?"

 होळी झाली की खानदेशातील माणूस अंथरूण काखेत घेऊन धाब्यावर चढतो. आदल्या दिवशी आम्ही चौघेही आपापल्या धाब्यावर चढलो होतो. इकडे पाऊस बेताचा आणि ऊन बेसुमार, म्हणून जुन्या घरांना उतरते छप्पर नसते. सागाच्या तुळया, वर फळ्या, त्यांवर काटक्यांचा थर आणि सगळ्यांवर खारी नावाची पांढरी चिकट माती चोपून सपाट गच्ची करतात. तेच धाबे. उन्हाळ्यात माणसे तिथे झोपतात, बायका तिथे वाळवण घालतात, भांडणे तिथे होतात आणि सोयरिकीही तिथेच जुळतात. जन्मभर धाब्यावर झोपलेल्या चार माणसांनी महिनोन्‌महिने खपून एक वस्ती आखली आणि तिच्यात एकही धाबे ठेवले नाही.

"मी तर उन्हाळ्यात खाली उतरतच नाही," शेठजी हळूच म्हणाले. "वखारीपुरता उतरतो."

"नकाशा छान आहे," पत्नी आत जाता जाता म्हणाली. "पाहुणे येतील बघायला."

इंजिनियरने खिशातून रबर काढले. हा त्याचा मोठा गुण. हेडमास्तरांनी पुस्तिका पिशवीत घातली आणि ती पुन्हा दिसली नाही.

ठरले ते असे की आधी एकच घर बांधायचे. धाब्याचे. पाण्याची सोय त्यातही होती. धाब्याला हाताने कळेल न कळेल इतका ढाळ असतो आणि त्याच्या टोकाला पन्हाळ. तीच टाक्यात सोडायची. कौलांइतके स्वच्छ पाणी मिळणार नव्हते. गाळण्यासाठी वाळूचा हौद आखला. दिवाळी उलटल्यावर काम सुरू केले. शेठजींनी एका पाडलेल्या गोदामाच्या जुन्या तुळया दिल्या. भिंतींना दगड बरडीचाच. तेवढा तिने आम्हांला कधी कमी पडू दिला नाही. मी आठवड्यातील बहुतेक दिवस तिथेच काढू लागलो. एक खाट नेली होती. रात्री ती निंबाखाली आणि थंडी वाढल्यावर अर्ध्या भिंतींच्या आत.

शेजारचे शेत आबांचे. वयाने माझ्याएवढेच. ते रोज संध्याकाळी बिडी ओढत बांधकाम पाहायला येत. पाहून मान हलवत.

"नाना, आठे ते उंदीरबी ऱ्हावाव नही. अन तुम्हीन माणसं आनी ऱ्हायनात!"

"उंदीर शाळेत जात नाहीत," मी म्हणालो.

त्यांना हे उत्तर आवडले असावे. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते गावात स्वतःचे म्हणून सांगितल्याचे मला कळले.

त्या गावात एक रीत होती. कोणाच्या नव्या धाब्यावर खारी पडायची असली की घरधन्याने आदल्या दिवशी चावडीपाशी तेवढे बोलायचे. दुसऱ्या दिवशी ज्याला वाटेल त्याने खारीची गाडी भरून आणायची. मजुरी नाही. गूळ, शेंगदाणे आणि चहा. मी बोललो, पण फारशी आशा धरली नाही. माझे घर गावाबाहेर होते आणि माझे जीवनही बरेचसे गावाबाहेर गेलेले. सकाळी वाट चढून पहिली गाडी आली ती आबांची. बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा घातल्या होत्या.

"उंदीरसले घर ते लागस ना, नाना!" ते गाडीवरूनच ओरडले.

त्यांच्या मागे गाड्यांची रांग होती. दुपारपर्यंत धाब्यावर माणसेच माणसे झाली. कोणी माती ओतत होते, कोणी पाणी शिंपत होते, कोणी चोपण्याने चोपत होते, आणि चोपणाऱ्याला दोन्ही बाजूंनी सल्ले मिळत होते. हेडमास्तर धोतर खोचून पाणी वाहत होते. शेठजी वर चढले आणि तुळया आपल्या आहेत हे प्रत्येकाला सांगून खाली उतरले. मी ढाळ पाहिला. बरोबर होता.

धुळ्यास परतल्यावर पत्नीला म्हणालो, "झालं."

"गळतं का?"

"अजून पाऊस पडलेला नाही."

"मग झालं कसं म्हणता?"

मी हात धुतले आणि जेवायला बसलो.

चैत्र लागला. गल्लीत बिबड्यांची तयारी सुरू झाली. बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड. ज्वारी भिजवून, आंबवून, वाळवून दळतात. ते पीठ तीळ, लसूण आणि तिखट घालून मोठ्या पातेल्यात शिजवतात. गरम असतानाच ओल्या फडक्यावर थापून खाटेवर किंवा जुन्या लुगड्यावर उलटतात. हात भाजतात. एकटीचे काम नव्हे. आमच्या गल्लीत प्रत्येक घरचे बिबडे सगळ्या गल्लीने मिळून करायचे, आज हिचे, उद्या तिचे.

एका सकाळी पत्नीने माझ्यासमोर भाकरी ठेवली आणि म्हणाली, "या वर्षीचे आपले बिबडे तिकडे करू."

"कुठे?"

"तुमच्या धाब्यावर. धाबं कसं झालंय ते बिबडे सांगतील."

मी होकार दिला. ही परीक्षा धाब्याची नव्हती हे मला समजत होते. गल्ली तिथे मावते का, हे तिला पाहायचे होते.

शेठजींचा लाकूड वाहणारा ट्रक पहाटे गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला. बायका, पातेली, फडकी, लाकडी पाट, पिठाचे डबे आणि गुंडाळलेली जुनी लुगडी त्यात चढली. त्यानंतर खाटा. पुढे चालकाशेजारी हेडमास्तर आणि मी. शेठजी आणि इंजिनियर एसटीने येणार होते. मागून संपूर्ण वाटभर हसण्याचे आवाज येत होते. कशाला हसत होत्या ते कळत नव्हते. हेडमास्तरांचे म्हणणे, आपल्यालाच. ते बरोबर असावे.

आबांच्या घरची मंडळी आधीच हजर होती. अंगणात दगडांची चूल मांडली. पीठ ढवळायला ताकद लागते, म्हणून मोठे लाकडी दांडके हेडमास्तरांच्या हाती दिले. त्यांच्या पत्नी चुलीपाशी बसल्या होत्या.

"अहो, छडीसारखं काय फिरवता? पीठ आहे ते, पोरगं नाही!"

"गुठळी झाली तर?"

"तर तुम्हीच खायची. बाकावर उभं राहून."

सूर्य वर आला तशी थापायची धांदल उडाली. खाली पातेले, शिडीवर हातोहात जाणारी परात, वर ओळीने बसलेल्या बायका. धाब्यावर खाटा मांडल्या, उरलेल्या जागेत लुगडी अंथरली आणि कडांवर दगड ठेवले. शहराच्या धाब्यांवरून समोर दुसरी धाबी दिसतात. इथून तापीकडचा सखल प्रदेश दिसत होता आणि क्षितिजाशी सातपुड्याची निळसर रेघ. एकीने ती पाहून विचारले, "अक्का, ते ढग आहेत का?" पत्नी म्हणाली, "डोंगर आहे. थाप तू."

पहिले बिबडे अर्धे सुकले असतील. हवा अगदी पडली होती. अचानक आबा त्यांच्या शेतातून ओरडले.

"बायासहोन, वावटळ उनी! लुगडा धरा, लुगडा!"

पश्चिमेच्या टोकावरून, जिथे नकाशात आमची शाळा होती तिथून, धुळीचा उंच खांब फिरत येत होता. तो अंगणातून गेला, हेडमास्तरांची टोपी घेतली आणि भिंतीला लागून वर चढला. दगड होते तिथेच राहिले. लुगडी त्यांच्याखालून निघाली. बिबडे आधी थरथरले, मग उठले, आणि मग सगळे आभाळ बिबड्यांचे झाले.

किंकाळ्या, हाका आणि हसणे एकदम सुरू झाले. बायका शिडीवरून कशा उतरल्या ते मी पाहिले नाही. त्या पाहता पाहता बरडीभर पसरल्या. बिबडे निंबावर बसले होते. काही विहिरीत उतरले. एक आबांच्या म्हशीच्या पाठीवर चिकटला आणि म्हशीला ते मुळीच आवडले नाही. शेळ्यांना मात्र तो दिवस सणाचा होता.

"धर ना वं, धर! तठे नही, मांगे, मांगे!"

हा आवाज माझ्या पत्नीचा होता. धुळ्यात ती गल्लीशी आणि माझ्याशी शुद्ध बोलत असे. माहेरची बोली तिने माहेरीच ठेवली होती. आता ती पदर कमरेला खोचून उताराने धावत होती आणि मोठ्याने अहिराणीत हुकूम सोडत होती. मी अंगणात उभा राहिलो. काही करण्यासारखे नव्हते आणि पाहण्यासारखे पुष्कळ होते.

ती वरच्या बांधापर्यंत गेली, तिथे वाकली, आणि बांधाच्या कडेने चालत खालच्या बांधावर आली. मधेच थांबून तिने एका निंबाच्या रोपाला हात लावलेला मला दिसला. परत आली तेव्हा तिच्या ओच्यात बिबड्यांची चळत होती. धापा टाकत माझ्यासमोर उभी राहिली.

"तुमच्या बांधांनी माती अडते का ते ठाऊक नाही," ती म्हणाली. "बिबडे मात्र अडतात. ओळीनं लागले होते."

"मातीही अडते."

"हो. बघितली."

नोकरीत मला बढत्या मिळाल्या, दोनदा प्रशस्तिपत्रही मिळाले. 'बघितली' हे त्यांत नव्हते.

दुपारी पातेल्यातील उरलेले गरम पीठ, त्यावर कच्चे तेल आणि सोबत कांदा असे जेवण निंबाखाली झाले. गुरांनी जागा दिली. हेडमास्तरांची टोपी आबांनी कुंपणातून काढून आणली. उडालेले बिबडे झटकून पुन्हा वाळत घातले होते. या वेळी लुगड्यांच्या कडा दगडांखाली दुमडल्या. जेवण झाल्यावर शेठजींनी इंजिनियरला नकाशा काढायला सांगितले, आणि आमच्या बैठकांत इतके दिवस झाली नव्हती अशी चर्चा सुरू झाली.

"शाळा तिकडे टोकाला नको," हेडमास्तरांच्या पत्नी म्हणाल्या. "वावटळीची वाट आहे ती. पोरी उडतील."

"मास्तरांची टोपी तर दररोज," दुसरी म्हणाली.

"आणि ही घरं अशी लांब लांब का? भांडण झालंय का आपसांत?"

"मध्ये बागा आहेत, मावशी," इंजिनियर म्हणाला.

"बाग मागे कर की. मीठ मागायला एवढं चालायचं?"

"मी अक्कांच्या शेजारी."

"तू कशी? मी गल्लीतपण शेजारी आहे, इथंही मीच."

"भिंतीला भिंत लावा रे. धाब्यावरून धाब्यावर जाता आलं पाहिजे. खाली उतरून चप्पल कोण घालणार?"

शेठजींनी मान वर केली. "भिंतीला भिंत म्हणजे निम्म्या भिंती वाचल्या. तुळयाही." त्यांनी आमच्याकडे पाहिले. "आपण हे का नाही केलं?"

आम्ही कौले रंगवत होतो, हे उत्तर सगळ्यांना माहीत होते.

इंजिनियर पेन्सिलीने खोडत होता आणि नव्याने काढत होता. बागा मागे गेल्या. शाळा बांधांच्या आडोशाला, विहिरीजवळ आली. पाच घरे सरकत सरकत एका ओळीत चिकटली आणि त्यांच्यावर एकच लांब धाबे झाले. ज्या बायका राहायला येणार नव्हत्या त्यांनीही आपापली जागा सांगून ठेवली, उन्हाळ्यापुरती. गल्लीच उचलून बरडीवर ठेवावी तसा तो कागद दिसू लागला. घाणेरडा झाला होता, तेलाचे डाग पडले होते. मला तो पहिल्यापेक्षा बरा वाटला.

पत्नी या सगळ्यात फार बोलली नव्हती. हेडमास्तरांच्या पत्नींनी शेवटी विचारलेच.

"अक्का, तुमचं काय ठरलं?"

 हेडमास्तर नकाशाकडे पाहू लागले. मी निंबाकडे.

"आधी हे वाळू दे," ती म्हणाली आणि शिडीकडे गेली.

दिवस कलला. ट्रकचा कर्णा वाजला. पातेली, पाट, डबे चढले, बायका चढल्या. पत्नी धाब्यावर होती. एकेक बिबडा उचलून उलटा करत होती.

"अक्का, चला!" शेठजींनी खालून हाक दिली. "उजेड आहे तोवर धुळं गाठू."

"तुम्ही व्हा पुढं. हे ओले आहेत अजून."

"आबा बघतील की."

"आबांच्या शेळ्या बघतील."

आबा हसले. खोटे म्हणायची सोय नव्हती.

"किती दिवस?" हेडमास्तरांच्या पत्नींनी ट्रकमधून विचारले.

"वाळेपर्यंत. मग कुरडयांचे गहू भिजत घालायचे आहेत. तेही इथंच बरं. ऊन चांगलं आहे."

हेडमास्तरांच्या पत्नींनी क्षणभर वर पाहिले. मग पुढच्या बाजूला वळून पतीला म्हणाल्या, "ऐकलंत का? आपलं घर कधी बांधायला घेता ते सांगा. मला माळ्यावरची भांडी घासून ठेवायची आहेत." शाळा त्याच्या पुढच्या जूनमध्ये सुरू झाली. घंटा शेवटी निंबालाच टांगली. पण ते सगळे नंतरचे. त्या संध्याकाळी ट्रक उताराने खाली गेला. हसण्याचे आवाज वळणापर्यंत येत राहिले आणि मग थांबले.

अंगणात मी एकटा होतो. बरडीवर पिवळे ऊन होते. वर पावले ऐकू आली आणि धाब्याच्या कडेला ती दिसली.

"खाट वर लई या," ती म्हणाली.

आणलेल्या सगळ्या खाटा वर बिबड्यांनी अडवल्या होत्या. खाली फक्त माझी होती, निंबाखालची. ती उचलली आणि शिडीपाशी आणली.

"एक कसाले? दोन."

मी ती तिथेच टेकवून आबांकडे गेलो. आणखी एक खाट मागितली. त्यांनी ओट्यावरची खाट उचलून माझ्या डोक्यावर ठेवली आणि बिडी पेटवत म्हणाले, "ऱ्हायनात म्हना उंदीर!"

शिडीवरून खाट चढवणे हे एका माणसाचे काम नाही. तिने वरून दोन पाय धरले. मी खालून दोन.